प्राध्यापकांनी मागितलेलं पुस्तक ग्रंथालयात येतं कसं, आणि अडतं कुठे?

दांडियाबाजार
मी बडोद्यातल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण दुखणं एकाच इमारतीचं नाही. इंदूर-ग्वाल्हेरला शिकवणाऱ्या मैत्रिणी हेच रडगाणं गातात.

पद्धत अशी. ग्रंथालयाकडून तक्ता येतो: लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), किंमत, प्रती किती, कोणत्या अभ्यासक्रमासाठी. तो भरून विभागप्रमुखांची सही घ्यायची. मग विभागाची एकत्र यादी होते, ग्रंथालय आधीच असलेली पुस्तकं त्यातून वगळतं, ग्रंथालय समिती मंजुरी देते आणि विक्रेत्याला ऑर्डर जाते. प्रत्येक विभागाला वर्षाची रक्कम वाटून दिलेली असते. कागदावर सगळं ठाकठीक. प्रत्यक्षात पावसाळ्यात दिलेल्या मागणीला थंडी संपेपर्यंत कोणी हात लावत नाही, आणि फेब्रुवारी उजाडला की निरोप येतो: ग्रँट लॅप्स होतेय, उद्या बारापर्यंत यादी द्या.

माझं मत स्पष्ट आहे. विभागप्रमुखांची सही काढून टाका. कोणत्याही शिक्षकानं, हंगामी असला तरी, वर्षभरात केव्हाही थेट ग्रंथालयाकडे मागणी नोंदवावी. ठरावीक किमतीच्या आतली पुस्तकं ग्रंथपालांनी समितीची वाट न पाहता घ्यावीत, आणि नाही घेतलं तर कारण लेखी कळवावं. समितीनं महागड्या संचांचा आणि डेटाबेसचा विचार करावा, दीडशे-दोनशेच्या पुस्तकावर खल करू नये. ज्या शहरात सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, तिथे एका पुस्तकासाठी वर्षभर ताटकळायचं?

जुना ग्रंथपाल
ताई, राग समजला, पण दुसरी बाजू ऐका. नोकरीची सगळी वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसलो आहे.

पावसाळ्यात मागणी देणारे तुमच्यासारखे किती? बोटावर मोजण्याइतके. बाकीच्यांच्या याद्या फेब्रुवारीतच येतात, कारण त्याआधी कोणी मागूनही देत नाही. आणि याद्या कशा? प्रकाशकाचा एजंट स्टाफरूममध्ये कॅटलॉग ठेवून जातो, त्यातली दोन पानं जशीच्या तशी उतरवलेली. आवृत्तीच्या रकान्यात ‘लेटेस्ट’. लेखकाचं नुसतं आडनाव. एकाच पुस्तकाची मागणी तीन जणांकडून तीन स्पेलिंगांत. एकदा तर भारतीय आवृत्ती आणि परदेशी आवृत्ती दोन वेगळी पुस्तकं म्हणून मागितलेली. परदेशीची किंमत कितीतरी पट. हे सगळं ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, तपासायचं, ऑर्डरमध्ये आधीच गेलंय का पाहायचं, किंमत पडताळायची, आणि माणसं किती? एक सहायक, तोही अर्धा दिवस काउंटरवर.

आता सहीबद्दल. ती सही नसेल तर काय होईल सांगतो. एक उत्साही प्राध्यापक स्वतःच्या छोट्याशा विषयासाठी विभागाची निम्मी रक्कम जूनमध्येच संपवेल. दुसरे स्वतःच्याच पुस्तकाच्या दहा प्रती मागतील. हसू नका, हे दरसाल होतं. विभागप्रमुखाला निदान माहीत असतं की नवा पेपर कोणता सुरू होतोय आणि कुणाकडे एकही पुस्तक नाही.

आणखी एक. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठानं १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांचा माग ठेवला होता. १९७५ अखेर त्यातली जवळजवळ ४० टक्के एकदाही घरी नेली गेली नव्हती. तिथेही मागणी जाणत्यांनीच केली असणार ना?

दांडियाबाजार
काका, तो अभ्यास आम्हालाही ऐकवला जातो, आणि त्यावर तेव्हाच आक्षेप घेतले गेले होते. मोजलं ते घरी नेलेलं. इतिहासवाले संदर्भग्रंथ घरी नेत नाहीत. तिथेच बसून चार पानं टिपून घेतात आणि पुस्तक टेबलावर ठेवून उठतात. त्याची नोंद होते कुठे?

आणि हो, स्वतःच्या पुस्तकाच्या दहा प्रती मागणारे बहुतेक वेळा विभागप्रमुखच असतात. 🙂

बेन्झीन
विज्ञानवाल्याचं मधे तोंड घालतो. तुम्ही कशावर भांडताय? आम्हाला पुस्तकं हवीतच कुठे? जर्नल हवीत, आणि ती आता मागावीच लागत नाहीत. केंद्र सरकारचं ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’, म्हणजे सगळ्यांसाठी जर्नलची एकच वर्गणी, जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं, आणि सगळा कारभार आपल्या शेजारच्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे. पूर्वी एका जर्नलसाठी अर्ज, समर्थन, डॉलरचा दर, पुढच्या वर्षी नूतनीकरण, असं सगळं शेपूट असायचं. आता लॉगिन केलं की झालं. शिक्षकांनी मागणी करायची ही पद्धतच कालबाह्य आहे.

अर्धवट प्रबंध
बेन्झीन सर, ती योजना सरकारी संस्थांसाठी आहे. मी बडोद्यातल्याच एका खाजगी विद्यापीठात पीएच.डी. करते. आमच्याकडे अजून ‘मॅडम, तुमच्याकडे अ‍ॅक्सेस असेल तर एवढा पेपर पाठवाल का’ यावरच चाललंय. आणि त्या तेरा हजारांत मराठी किती?

माझी तक्रार मात्र दोन्ही पक्षांवर आहे. इथे सगळे शिक्षकांच्या मागणीबद्दल बोलताहेत. मागितलेलं पुस्तक आल्यावर काय होतं? दाखल क्रमांक पडतो, शिक्का बसतो, आणि ज्यांनी मागितलं त्यांच्याच नावावर पहिल्या दिवशी इश्यू होतं. त्यानंतर ते आम्हाला ओपॅकमध्येच दिसतं. शिक्षकांना मुदत लांब, दंड नाही, ‘नो ड्यूज’ निवृत्तीच्या वेळी. एका सरांच्या घरच्या कपाटात मी ग्रंथालयाचे शिक्के असलेली रांगच्या रांग पाहिली आहे. ती रांग विद्यापीठाच्या पैशांनी उभी राहिलेली! नवीन आलेलं प्रत्येक पुस्तक निदान पंधरा दिवस प्रदर्शनाच्या रॅकवर ठेवा, मग द्या. आणि मागणीचा फॉर्म विद्यार्थ्यांनाही द्या.

जुना ग्रंथपाल
पंधरा दिवसांचा नियम बऱ्याच ठिकाणी लिहिलेला आहे, बेटा. पाळायला गेलं की ‘मी मागवलंय, मला आधी’ म्हणून सर स्वतः येऊन उभे राहतात. सांगणार कोण?

मकरपुरेकर
कोणी दिवाळी अंकांबद्दल बोलेल का? १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची परंपरा आपली. मराठी विभागाला अभ्यासासाठी अंक हवेत म्हणून मागणी गेली, तर पहिला प्रश्न आला: हे पुस्तक की नियतकालिक? पुस्तक म्हणावं तर आयएसबीएन नाही, नियतकालिक म्हणावं तर वार्षिक वर्गणी नाही. हा प्रश्न सुटेपर्यंत होळी आली. तोवर चांगल्या अंकांच्या प्रती संपलेल्या होत्या.

हिशेबनीस
मी शिक्षकही नाही आणि ग्रंथपालही नाही, लेखा विभागात आहे. म्हणजे तुमच्या सगळ्यांचा खलनायक. तेव्हा थोडं खलनायकाकडूनही ऐका.

दांडियाबाजार ताईंना वाटतंय की समिती आणि सही ही अडचण आहे. माझ्या टेबलावरून दिसतं ते वेगळं. बिल मंजूर कधी होतं? पुस्तक हातात आलं, मागणीशी ताडून पाहिलं, दाखल नोंदवहीत चढलं, त्याचा दाखल क्रमांक बिलावर लिहून ग्रंथपालांची सही झाली, तेव्हा. म्हणजे माल आधी, पैसे नंतर. मोठ्या विक्रेत्याला हे चालतं, त्याचे बाराही महिने पैसे अडकलेलेच असतात. कोल्हापूर-साताऱ्याचा छोटा प्रकाशक मात्र म्हणतो, आधी पैसे पाठवा, मग पार्सल टाकतो. त्याचंही चूक नाही. दीडशे रुपयांसाठी तो विद्यापीठाच्या मागे किती महिने लागणार?

म्हणून ऑर्डर विक्रेत्यालाच जाते. आणि विक्रेत्याचं गणित साधं: दीडशेच्या पुस्तकावर त्याला प्रकाशकाकडून मिळणार थोडं, त्यातून आपल्याला द्यायची सवलत वेगळी, वर पुण्याहून आणायचं टपाल. पदरचे पैसे घालण्यापेक्षा तो यादीवर शेरा मारतो, ‘उपलब्ध नाही’. पुस्तक प्रकाशकाच्या दुकानात ढिगानं पडलेलं असतं! पण कागदावर ते उपलब्ध नाही, मागणी निकाली निघाली, आणि ती रक्कम शेवटच्या आठवड्यात विक्रेत्यानं टेम्पोतून आणलेल्या ‘पसंतीसाठी’ पुस्तकांवर खर्च होते. ती पुस्तकं कुणी मागितलेलीच नसतात.

ऑनलाइन फॉर्म करा, सही काढा, काहीही करा. या गाठीला हात घातला नाही तर मराठी पुस्तकं येणार नाहीत.

दांडियाबाजार
हिशेबनीस, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. ‘उपलब्ध नाही’ हा शेरा मी गेल्या वर्षी पाहिला आणि त्याच आठवड्यात तेच पुस्तक प्रकाशकाला फोन करून स्वतःसाठी मागवलं. चौथ्या दिवशी घरी आलं. मग ग्रंथपालांना थोडी आगाऊ रक्कम हातात का देत नाही? पुण्या-मुंबईच्या ग्रंथप्रदर्शनात जावं, बघून घ्यावं, पावती आणून हिशोब द्यावा.

जुना ग्रंथपाल
आणि ऑडिटला उत्तर कोण देणार? पाच वर्षांनी एक तरुण ऑडिटर येतो आणि विचारतो, हे पुस्तक थेट का घेतलं, सवलत का नाही घेतली, कोटेशन कुठे आहेत? तेव्हा प्रदर्शनाला सोबत आलेले प्राध्यापक बदलून गेलेले असतात. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनी हजार देवघेवींमागे पाच पुस्तकं हरवणं क्षम्य धरलं आहे, पण हजार रुपयांवरचं एक जरी हरवलं तरी चौकशी आहेच. हरवण्याला सूट आहे, थेट विकत घेण्याला माझ्या अख्ख्या नोकरीत कुणी दिली नाही.

सयाजीरावांचं नाव सगळे घेतात म्हणून सांगतो. त्यांच्या योजनेत गावानं आधी स्वतःची वर्गणी काढायची, मग सरकार आणि पंचायत तेवढीच भर घालायची. मागणाऱ्यानं आधी काहीतरी टाकायचं. तुम्ही शिक्षकांनी पैसे टाकू नका, वेळ टाका. यादी नीट द्या.

बेन्झीन
तरीही म्हणतो, हा सगळा खटाटोप छापील पुस्तकांसाठी आहे. ई-पुस्तकांचे रेकॉर्ड कॅटलॉगमध्ये टाकून ठेवा, ठरावीक वेळा कुणी उघडलं की आपोआप खरेदी. परदेशात अशी वाचकाच्या वापरावर चालणारी खरेदी कधीची सुरू आहे. ना फॉर्म, ना सही.

मकरपुरेकर
सर, बडोदा संस्थानाच्या मराठी कारभारावरची पुस्तकं ई-बुकमध्ये कोण काढतंय? तुमचं आपोआप आमच्या दारापर्यंत येत नाही.

अर्धवट प्रबंध
शिवाय आपोआप खरेदीत पैसे परीक्षेच्या आधीच्या महिन्यातच संपतील. सगळे एकाच गाइडवर तुटून पडतात. माझ्या विषयाचं पुस्तक वर्षातून दोघं उघडणार, म्हणजे ते कधीच घेतलं जाणार नाही. या बाबतीत मी शिक्षकांच्या बाजूची. दोघांसाठीही पुस्तक हवं, हे कुणीतरी माणसानंच ठरवायला लागतं.

हिशेबनीस
एक गोष्ट आत्ताच्या नियमांत बसते, ती सांगतो. मागणीच्या तक्त्याला ‘शेरा’ असा शेवटचा रकाना असतो. सगळे तो कोरा सोडतात. तिथे लिहा: प्रकाशकाकडे चौकशी केली, पुस्तक उपलब्ध आहे. आणि प्रकाशकाचं छापील किंमत व सवलत लिहिलेलं पत्र किंवा ई-मेल जोडा. मग विक्रेत्याचा ‘उपलब्ध नाही’ शेरा फाइलवर टिकत नाही. ग्रंथपाल त्याला लेखी विचारू शकतात, आणि तरी नाही आणलं तर थेट खरेदीची टिप्पणी माझ्याकडे कारणासकट येते. कारण असलं की मला अडवायला काही उरत नाही. एका प्रकाशकाची आठ-दहा पुस्तकं एकत्र मागितलीत तर टपालाचा प्रश्नही हलका होतो.

जुना ग्रंथपाल
हे बरोबर आहे. ऑगस्टमध्ये करा मात्र, मार्चमध्ये नको.

दांडियाबाजार
पत्र मागवते. कोल्हापूरच्या त्या प्रकाशकाची सहा पुस्तकं माझ्या यादीत आहेतच, मराठी विभागाची चार मिळाली तर दहा होतील. मकरपुरेकर, तुमची यादी या आठवड्यात पाठवा. सहीबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही, काका. आमचे विभागप्रमुख सध्या महिनाभर रजेवर आहेत.