संकलनाचं श्रेय कुणाचं: ब्रायटनच्या चित्रपटकारांचं की चित्रपट दाखवणाऱ्या खेळवाल्यांचं?

धागाकर्ता:
अमेरिकी दिग्दर्शक ग्रिफिथच्या आधीच, 1899 ते 1903 या काळात, इंग्लंडमधल्या ब्रायटन आणि होव्हमध्ये संकलनाचा (एडिटिंगचा) पाया घातला गेला, असं माझं ठाम मत आहे. तिथल्या जी. ए. स्मिथच्या 'ग्रँडमाज रीडिंग ग्लास'मध्ये (1900) नातू भिंग डोळ्याला लावतो आणि लगेच काळ्या गोल चौकटीत घड्याळाची यंत्रणा दिसते, मग पिंजऱ्यातला पक्षी, आजीचा डोळा. कोण पाहतंय आणि काय पाहतंय, हे नुसत्या जोडणीतून कळतं.

प्रतिसाद 1:
असहमत. स्मिथचाच 'द किस इन द टनेल' (1899) घ्या. त्याने रेल्वेच्या डब्यातला एकच शॉट विकला. इंजिनावरून चित्रित केलेल्या बोगद्याच्या फिल्ममध्ये तो खेळवाल्याने बसवायचा, अशी योजना होती. पडदा काळा झाला की तिथे फिल्म कापायची, इमल्शनचा (चित्र उमटतं तो) थर खरवडायचा आणि फिल्म चिकटवायच्या सिमेंटने सांधायची. थर नीट निघाला नाही तर सांधा प्रोजेक्टरमध्ये सुटतो. फिल्मवरच्या प्रत्येक चित्राच्या चौकटीला कडेने चार छिद्रं असतात. एका छिद्राने जरी चुकलं तरी पडद्यावर दोन चौकटींमधली रेघ येते. कात्री खेळवाल्याच्या हातात होती, मग श्रेय स्मिथला का?

धागाकर्ता:
कारण तिथल्याच विल्यमसनचा 'फायर!' (1901) खेळवाल्याला घडवताच आला नसता. जळत्या घराच्या आतल्या शॉटमध्ये अग्निशमन दलाचा जवान माणसाला उचलून खिडकीकडे नेतो, पुढच्या शॉटमध्ये तोच बाहेरून शिडी उतरतो. क्रिया अखंड राहील असं चित्रीकरणातच ठरवावं लागतं. याउलट अमेरिकी दिग्दर्शक पोर्टरच्या 'लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन'मध्ये (1903) सुटका आधी पूर्ण आतून, मग पुन्हा पूर्ण बाहेरून दिसते. नंतर कुणीतरी आत-बाहेर आलटून पालटून जोडलेली प्रत अनेक वर्षं मूळ समजली गेली, म्हणून पोर्टरला नको तेवढं श्रेय मिळालं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या कागदी प्रतीने (कॉपीराइटसाठी फिल्म कागदावर छापून जमा केलेल्या प्रतीने) ते उघड केलं.

प्रतिसाद 2:
पोर्टरबद्दल मान्य, पण 'ग्रँडमाज'ला एवढं डोक्यावर घेऊ नका. तिथे क्लोज-अपला भिंगाचा आधार आहे. स्मिथच्याच 'सिक किटन'मध्ये (1903) तसा आधार नाही. दूरच्या शॉटमधून कॅमेरा थेट मांडीवरच्या मांजराच्या पिल्लावर आणि त्याला भरवायच्या चमच्यावर जातो. कुणाच्या नजरेचा बहाणा नाही, गोल चौकट नाही, प्रेक्षकाला नीट दिसावं एवढंच कारण. एकाच कॅमेऱ्याने हे करायचं तर कृती पुन्हा करून घ्यावी लागते, आणि मांजराचं पिल्लू तशीच मान दुसऱ्यांदा वळवेल याची खात्री कोण देणार? खरी उडी मी इथे मानतो.

प्रतिसाद 1:
ही उडी कबूल. पण 1899 चं श्रेय खेळवाल्यांकडून काढून घ्यायला मी अजूनही तयार नाही.