तीन नंबरच्या सिलिंडरचे तापमान चाळीस अंशांनी जास्त: दोष प्रोबचा, बॅफलचा की आणखी कशाचा?

प्रश्न (देवगड)

नमस्कार. देवगडजवळच्या सड्यावर, आंब्याच्या पेट्या ठेवण्याच्या एका शेडमध्ये, मी आराखड्यांवरून दोन आसनी विमान बांधत आहे. उड्डाणाच्या परवानगीचा विषय अजून दूर आहे. सध्या फक्त जमिनीवर इंजिन चालवून पाहतो. इंजिन लायकमिंग ओ-३२०, म्हणजे हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे आहे. प्रत्येक सिलिंडर हेडमध्ये जे प्रकारचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजण्याचा प्रोब, बसवून चारही तारा पॅनेलवरील एकाच डिजिटल मीटरला जोडल्या आहेत.

रविवारी सकाळी इंजिन सहा मिनिटे चालवले. बंद करण्यापूर्वी १, २ आणि ४ नंबरचे तापमान अनुक्रमे १६८, १७१ आणि १७३ अंश सेल्सिअस होते, पण ३ नंबरचे २०९. प्रोबवर शंका नको म्हणून चारही प्रोब उकळत्या पाण्यात बुडवले. सगळ्यांनी ९९ ते १०१ दाखवले. म्हणजे ३ नंबर खरोखरच तापतो, असे मी धरून चाललो आहे. कार्बोरेटरचा जेट थोडा मोठा करून मिश्रणात पेट्रोल वाढवावे का?

उत्तर १ (रत्नागिरी)

मी मिरकरवाड्यात मच्छीमार बोटींची इंजिने दुरुस्त करतो आणि विमानांच्या इंजिनांचा अभ्यास हौसेने करतो. जेटला कृपया हात लावू नका. चारही सिलिंडरांना एकच कार्बोरेटर पुरवठा करतो, त्यामुळे एकासाठी केलेला बदल चौघांना भोगावा लागेल. एकट्या सिलिंडरचे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होत असेल, तर त्याच्या इनटेक पाइपच्या गॅस्केटमधून हवा आत ओढली जाते का, ते आधी पाहावे.

दुसरे असे की या इंजिनात ३ नंबर म्हणजे उजवीकडचा मागचा सिलिंडर. त्याच्या मागच्या अंगाच्या फिन्स (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) फार उथळ आहेत, आणि तिथे बॅफलचा, म्हणजे हवा फिन्समधून वळवणारा, पत्रा चिकटून बसला तर हवेला खाली उतरायला वाटच राहत नाही. पुढच्या २ नंबरच्या समोरच्या अंगालाही हीच अडचण असते. पत्रा आणि सिलिंडर यांच्यामध्ये जाड वॉशर घालून थोडी फट ठेवण्याचा उपाय अनेक बांधणारे करतात. माझा पहिला संशय तिथेच आहे.

उत्तर २ (पनवेल)

उथळ फिन्सचा मुद्दा अगदी बरोबर आहे, तरीही वॉशर घालण्यापूर्वी मला एक गोष्ट जाणून घ्यायची आहे. प्रोबपासून मीटरपर्यंतच्या तारा अखंड आहेत का? मध्ये जोड असेल तर तो कुठे आहे, आणि जोडाच्या पुढची तार कोणत्या धातूची आहे?

प्रश्नकर्ता

मीटर पॅनेलच्या उजव्या टोकाला असल्यामुळे ३ नंबरची मूळ तार थेट पोहोचली. बाकीच्या तीन तारा अपुऱ्या पडल्या, म्हणून फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या भिंतीच्या) इंजिनाकडील बाजूस लग (तारा जोडण्याचे धातूचे टोक) दाबून पुढे साधी तांब्याची वायर जोडली आहे.

उत्तर २ (पनवेल)

मग माझ्या मते ३ नंबर खरे बोलतो आहे आणि बाकीचे तिघे कमी दाखवत आहेत.

थर्मोकपल हा थेट तापमान मोजत नाही. तारेच्या दोन टोकांच्या तापमानातील फरकाप्रमाणे तो काही मिलिव्होल्टचा दाब निर्माण करतो. जे प्रकारात एक तार लोखंडाची आणि दुसरी कॉन्स्टंटनची (तांबे-निकेलच्या मिश्रधातूची) असते. ही जोडी मीटरपर्यंत पोहोचली आहे असे गृहीत धरून मीटर स्वतःच्या जागेचे तापमान त्यात मिळवतो. तुमच्या तीन सिलिंडरांत ही जोडी फायरवॉलपाशीच संपते. इंजिन तापल्यावर तो जोड ७५ अंशांवर आणि मीटर ३५ अंशांवर असेल, तर मधले ४० अंश कुणीच मोजत नाही आणि वाचन तेवढ्याने कमी येते. तुमच्या आकड्यांत ४० मिळवून पाहा: २०८, २११, २१३. चारही सिलिंडर एका रांगेत येतात.

पाण्याच्या परीक्षेत हे उघड झाले नाही, कारण तेव्हा इंजिन थंड होते आणि जोड व मीटर दोन्ही शेडच्याच तापमानाला होते. तीच परीक्षा पुन्हा करा, मात्र प्रोब उकळत्या पाण्यात असताना हेअर ड्रायरने जोड तापवा. आणि जोड उघडाल तेव्हा लोखंडी तार जरूर बघा. चुंबकाला चिकटते ती तीच. खाऱ्या हवेत तिचा पहिला बळी जातो.

मला अधिक काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. सहा मिनिटांत चारही हेड २१० च्या आसपास पोहोचत असतील, तर थंड करण्याची एकूण व्यवस्थाच कुठेतरी कमी पडत आहे. कमाल मर्यादा २६० अंशांची असली, तरी इंजिन दीर्घकाळ टिकावे म्हणून लायकमिंगचा सल्ला सतत चालवताना २२४ च्या आत राहण्याचा आहे. वरचे काउलिंग (इंजिनावरचे झाकण) काढून इंजिन चालवत असाल, तर ते लगेच थांबवा. इंजिन उघडे ठेवले की गार राहते, हा समज चुकीचा आहे. वरचा आणि खालचा दाबाचा फरक नाहीसा होतो आणि हवा फिन्समधून न जाता बाजूने निघून जाते.

प्रश्नकर्ता

काल परीक्षा केली. २ नंबरचा प्रोब पाण्यात ठेवला आणि ३ नंबरचा प्रोब काढून त्या जोडालाच बांधला, म्हणजे जोडाचे तापमानही त्याच मीटरवर दिसेल. शेड ३३ अंशांवर होती. ड्रायरने जोड ७१ पर्यंत गेला आणि पाण्यातील प्रोबचे वाचन १०० वरून ६२ वर उतरले. फरक बरोबर ३८ चा!

जोड उघडल्यावर लग आतून पूर्ण तांबूस दिसला. एका पावसाळ्यात लोखंडी तारेचे टोक नखाने खरवडले तरी भुकटी व्हावी इतके गंजले होते. आता जे प्रकारचीच तार मीटरपर्यंत नेली आहे. त्याच पद्धतीने इंजिन चालवल्यावर १ ते ४ नंबरची वाचने २०६, २०९, २०८ आणि २११ आली.

काउलिंग मी लावलेलेच होते, पण शेडमध्ये अंधार करून खालून टॉर्च मारला, तेव्हा बॅफलच्या मागच्या कडेला जवळपास दोन वीत प्रकाश दिसला. तिथली सिलिकॉन रबराची पट्टी आत न वळता मागे दुमडली होती, त्यामुळे वरच्या दाबाने काउलिंगला चिकटण्याऐवजी ती उघडीच राहत होती. शिवाय शेडचे दार पश्चिमेला असल्याने मी विमानाचे तोंड समुद्राकडे ठेवूनच इंजिन चालवत असे, आणि सकाळच्या मतलई (जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या) वाऱ्याला त्याची शेपटी येत असे.

पट्टी आत वळवून, फटी उष्णतारोधक सिलिकॉनने बुजवून आणि विमान पूर्वेकडे तोंड करून आज सकाळी पुन्हा सहा मिनिटे चालवले: १८६, १९१, १९४, १८९. तीन नंबर आता इतरांपेक्षा तीन ते आठ अंशांनीच पुढे आहे. रत्नागिरीच्या मित्रांनी सांगितलेला वॉशर त्यासाठी पुढच्या रविवारी घालून पाहणार आहे.