क्षमा म्हणजे सुटका नव्हे

एकांनी विचारलंय, 'ख्रिस्ती धर्म क्षमा करा म्हणतो, मग गुन्हेगाराला मोकळंच सोडायचं का?' मी नागपुरात सदरला वाढलो, कॅथलिक घरातला. मला हा प्रश्न फार जवळचा आहे.

बाबांच्या दुकानातल्या माणसाने गल्ल्यातले पैसे उचलले होते. बाबांनी त्याला घरी बोलावलं, चहा दिला, क्षमा केली म्हणाले. आणि मग वही काढून त्याच्याच हाताने हप्ते लिहून घेतले. मी चिडलो होतो, ही कसली क्षमा! बाबांनी जक्कयाची आठवण करून दिली. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला हा जकातदार, म्हणजे कर गोळा करणारा. येशू त्याच्या घरी गेला, तेव्हा तो आपणहून म्हणाला, ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करीन. माया आधी मिळाली, भरपाई मागून आली. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, पोप जॉन पॉल दुसरे. 1981 मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या अग्जाला त्यांनी क्षमा केली, 1983 मध्ये तुरुंगात जाऊन भेटलेही. तरी तो इटलीच्या तुरुंगात 2000 पर्यंत होता. क्षमा पोपांची, शिक्षा न्यायालयाची.

फाशीबाबत मात्र चर्चची भूमिका बदलली. पूर्वी क्वचित प्रसंगी ती मान्य होती. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात ती अमान्य ठरवली. मला ते पटतं, कारण मेलेल्या माणसाला पश्चात्ताप करता येत नाही. वर्धा रोडवरच्या कारागृहावरून जाताना हेच मनात येतं.