पानं उघडायला उशीर लागतो म्हणून स्क्विड काढून टाकायचा का?

तिठा
रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या लॅबवरून दोन गट पडलेत, म्हणून धागा काढतोय. साठ संगणक, १०० एमबीपीएसची फायबर लाइन, मध्ये उबुंटू १८.०४ वर स्क्विड ३.५, म्हणजे सगळ्यांच्या विनंत्या पुढे नेणारा आणि आलेलं साठवून (कॅश करून) ठेवणारा प्रॉक्सी. मशीनला ४ जीबी रॅम आणि साधी फिरती हार्डडिस्क. कॅश मेम (रॅममधली कॅश) २ जीबी, कॅश डिर (डिस्कवरची कॅश) एयूएफएस २०० जीबी, बाकी सगळं डिफॉल्ट. ब्राउझरला प्रॉक्सीचा पत्ता पॅक फाइलीतून (कोणत्या साइटला प्रॉक्सीतून जायचं ते सांगणारी फाइल) मिळतो.

लक्षण असं: नवी साइट टाकली की पाच-सहा सेकंद पान कोरं, मग सगळं एकदम येतं. त्याच साइटचं दुसरं पान मात्र झटकन. सकाळी ठीक, दुपारी लॅब भरली की रडगाणं सुरू. एक गट म्हणतो प्रॉक्सीच काढा, दुसरा म्हणतो डिस्क बदला. जाणकारांनी मत द्यावं. (सेटिंगांची नावं उच्चारावरून लिहितोय, फाइलीत मध्ये अंडरस्कोर असतो हे धरून चाला.)

कोकमसार
काढा. आज जवळजवळ सगळा वेब एचटीटीपीएस आहे. स्क्विडला त्यातलं फक्त कनेक्ट (अमुक साइटशी जोडून दे ही विनंती) दिसतं, आत काय चाललंय ते नाही. दिसत नाही ते साठवणार कसं? अ‍ॅक्सेस लॉग उघडा, ओळीमागून ओळ टीसीपी टनेल, म्हणजे न उघडता पुढे ढकललेली जोडणी. २०० जीबीची कॅश आहे म्हणता, तिच्यातून उचलून दिलेले बाइट किती? लॉगचा चौथा रकाना निकालाचा आणि पाचवा बाइटचा. ऑक या आज्ञेने हिटवाल्या (कॅशमधून दिलेल्या) ओळींचे बाइट जोडा आणि एकूण बाइटांनी भागा. विनंत्यांची संख्या मोजू नका, ती फसवते. बारीकसारीक आयकॉन पन्नास वेळा हिट झाले तरी लाइनवरचा भार तसूभर हलत नाही.

त्यापेक्षा राउटरवर केक किंवा एफक्यू-कोडेल (पाकिटांची रांग तुंबू न देणाऱ्या पद्धती) लावा, वेग लाइनच्या नव्वद टक्क्यांवर बांधा. दुपारी लॅब भरल्यावर अपलोड तुंबतो आणि सगळ्यांची पानं रांगेत उभी राहतात, ते त्याने सुटेल. कॅशने नाही.

वाळूचा_किल्ला
कोकमसार, टनेलबद्दल बरोबर. पण "काढा" इथवर उडी मारायची घाई कशाला? लक्षण पुन्हा वाचा: पाच सेकंद कोरं, मग सगळं एकदम, आणि त्याच साइटचं पुढचं पान झटकन. हे डिस्कचं लक्षण नाही आणि तुंबलेल्या लाइनचंही नाही. तुंबलेल्या लाइनीवर पान तुकड्यातुकड्याने येतं. इथे नाव शोधण्यात वेळ जातोय.

स्क्विड स्वतःच डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता) विचारतो. डीएनएस रीट्रान्समिट इंटरव्हल डिफॉल्ट ५ सेकंद आहे. यादीतला पहिला सर्व्हर मेलेला असेल तर पाच सेकंद वाट बघून तो दुसऱ्याला विचारतो. उत्तर आलं की ते आपल्याकडे ठेवतो, म्हणून पुढचं पान लगेच. पाच हा आकडा योगायोग नाही.

तपासायचं असं. स्क्विडक्लायंट या आज्ञेने कॅश मॅनेजरचं, म्हणजे स्क्विडच्या आकडेवारीचं, आयडीएनएस पान काढा. प्रत्येक नेमसर्व्हरसमोर विचारलेले प्रश्न आणि आलेली उत्तरं दिसतात. एकाचे प्रश्न वाढताहेत आणि उत्तरं शून्यावर, की सापडला चोर. मग इन्फो पानावर मेडियन सर्व्हिस टाइमचा तक्ता पाहा, त्यात डीएनएस लुकअपची वेगळी ओळ आहे, पाच मिनिटांचा आणि साठ मिनिटांचा रकाना. पाच मिनिटांचा रकाना लॅब भरलेली असताना पाहा, रिकाम्या लॅबमध्ये नाही.

उपाय: त्याच मशीनवर अनबाउंड (आपला स्वतःचा डीएनएस सर्व्हर) चढवा आणि स्क्विडमध्ये डीएनएस नेमसर्व्हर्स १२७.०.०.१ एवढंच लिहा. अनबाउंडला प्रीफेच आणि सर्व्ह-एक्सपायर्ड चालू ठेवा. पावसात लाइन येतजात असते, तेव्हा जुनं उत्तर लगेच मिळणं हे काहीच न मिळण्यापेक्षा बरं.

नारळीपाक
वाळूचा_किल्ला यांना एक जोड. स्क्विड ३.५ आधी आयपीव्ही-६ पत्ते धरतो. मशीनला व्ही-६ चा रस्ताच नसेल तर लगेच "रस्ता नाही" असं कळतं आणि तो व्ही-४ कडे वळतो, त्रास नाही. पण राउटर व्ही-६ जाहीर करतोय आणि पुढे पाकिटं गडप होताहेत, अशी अर्धवट अवस्था असेल तर कनेक्ट टाइमआउट संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि तो डिफॉल्ट एक मिनिट आहे. ३.५ मध्ये डीएनएस व्ही-४ फर्स्ट ऑन करा. पाचव्या आवृत्तीत ही सेटिंग काढूनच टाकली आहे, तिथे दोन्ही बाजूंनी प्रयत्न होतो. खरं तर १८.०४ वर बसून राहण्यातच अर्थ नाही, २२.०४ वर स्क्विड ५ आयता मिळतो.

कोकमसार
म्हणजे डीएनएस दुरुस्त करा, व्ही-६ दुरुस्त करा, आवृत्ती बदला, आणि एवढं करून मिळणार काय? प्रॉक्सी नसता तेवढाच वेग! हे सगळे उपद्रव मध्ये प्रॉक्सी आहे म्हणून. क्रोम एका प्रॉक्सीकडे एका वेळी ३२ च जोडण्या उघडतो. एखाद्या पोराने पंधरा टॅब उघडले की बाकीच्या विनंत्या ब्राउझरच्या आतच सॉकेटची वाट बघत बसतात. स्क्विडच्या लॉगमध्ये याचा मागमूसही दिसत नाही. थेट जाताना ही मर्यादा दर साइटमागे वेगळी असते.

वाळूचा_किल्ला
३२ ची गोष्ट खरी, आणि ती अजून पुढे नेतो. साठ संगणक गुणिले ३२ म्हणजे १,९२० जोडण्या. प्रत्येक टनेलला दोन डिस्क्रिप्टर (उघड्या जोडणीमागचा क्रमांक), एक ब्राउझरकडचा, एक साइटकडचा. म्हणजे ३,८४०. स्क्विडला १,०२४ चीच मुभा असेल तर तो नव्या जोडण्या घेणंच थांबवतो, आणि "सकाळी ठीक, दुपारी रडगाणं" हे चित्र नेमकं तसं दिसतं. कॅश लॉगमध्ये "रनिंग आउट ऑफ फाइलडिस्क्रिप्टर्स" शोधा. इन्फो पानाच्या तळाशी कमाल किती आणि शिल्लक किती तेही असतं. मॅक्स फाइलडिस्क्रिप्टर्स १६,३८४ करा, पण सर्व्हिसची स्वतःची मर्यादाही वाढवा, नाहीतर फाइलीतला आकडा शोभेचा राहतो.

पण हे प्रॉक्सी काढायचं कारण कसं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

भरती-ओहोटी
डिस्कवाल्या गटाची बाजू कोणीच घेत नाही म्हणून मी घेतो, जरा वेगळ्या अंगाने. डिस्क मंद आहे हा प्रश्न दुय्यम. रॅमचा हिशेब बघा. ६४-बिट मशीनवर डिस्क कॅशच्या दर जीबीमागे साधारण १४ एमबी रॅम नुसत्या इंडेक्सला लागते. २०० जीबी म्हणजे २.८ जीबी. वर कॅश मेम २ जीबी. झाले ४.८, आणि मशीनमध्ये आहेत ४. कॅश मेम म्हणजे स्क्विडची एकूण रॅम असा अनेकांचा समज असतो, तसं नाही. कॅश भरत जाते तसा इंडेक्स फुगतो, म्हणून नवा बसवल्यावर काही आठवडे छान चालतो आणि मग रॅम संपून स्वॅपमध्ये (डिस्कवर) जातो. व्हीएमस्टॅट लावून एसआय आणि एसओ (स्वॅपमधून येणं आणि तिकडे जाणं) रकाने बघा. ते शून्याहून वर हलत असतील तर बाकी सगळी चर्चा नंतर. कॅश मेम ५१२ एमबी, कॅश डिर ४० जीबी, एवढं या मशीनला पुष्कळ.

कोकमसार
हिशेब कागदावर बरोबर, पण १४ एमबी हा आकडा सरासरी वस्तू १३ केबीची धरून काढलेला आहे. आणि यांचं मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइज डिफॉल्ट, म्हणजे ४ एमबी. मोठी फाइल साठत नाही, छोटं सगळं टनेलमधून जातं. २०० जीबी भरणार कशाने? डीएफ (डिस्क किती भरली ते दाखवणारी आज्ञा) लावून बघायला सांगा, कॅश दहा जीबीच्या वर गेली असेल तर मला आश्चर्य वाटेल.

भरती-ओहोटी
हे मान्य, डीएफ आधी. पण तुम्ही माझ्याच बाजूचा मुद्दा दिलात. विंडोज अपडेटच्या फायली अजून बऱ्याचशा साध्या एचटीटीपीवरून येतात, उबुंटूच्या पॅकेजांचंही तेच. साठ मशीनना तीच फाइल साठ वेळा उतरवायची का? मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइज २ जीबी करा, ती ओळ कॅश डिरच्या ओळीच्या वर लिहा. इथे कॅशचा उपयोग अजून आहे.

नारळीपाक
सावकाश! विंडोज अपडेट फायली तुकड्यांनी मागतो. तुकडे साठावेत म्हणून लोक रेंज ऑफसेट लिमिट नन करतात आणि जोडीला क्विक अबॉर्ट मिन उणे एक. मग काय होतं? एका मशीनने फाइलीचा मधला एक एमबी मागितला की स्क्विड पूर्ण फाइल ओढायला बसतो, आणि ते मशीन बंद केलं तरी ओढतच राहतो. दुपारी लाइन गच्च, आणि ब्राउझरमध्ये तर कोणीच काही उतरवत नाहीये. करायचंच तर फक्त अपडेटच्या डोमेनांपुरतं एसीएल (नियम) लावून करा. साठ विंडोज मशीनसाठी डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू करणं सोपं, ती एकमेकांकडूनच फाइल घेतात. उबुंटूच्या पॅकेजांची कॅश ठेवायला अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी.

गावठी_राउटर
एवढं सगळं करण्यापेक्षा एसएसएल बंप का लावत नाही? एचटीटीपीएस उघडून साठवता येईल, हिटचं प्रमाण वाढेल.

वाळूचा_किल्ला
अहो, नको! इथे कोकमसार आणि मी एका बाजूला. विद्यार्थ्यांचे बँकेचे आणि मेलचे पासवर्ड त्या मशीनवर उघडे होणार, ती जबाबदारी कोण घेणार? प्रत्येक संगणकात आपलं रूट सर्टिफिकेट टाकावं लागतं. अँड्रॉइड ७ पासून वापरणाऱ्याने टाकलेलं सर्टिफिकेट अ‍ॅप मुळात मानतच नाहीत. आणि वेगाचंच बोलायचं तर बंप केल्यावर नुकसान होतं: स्क्विडला एचटीटीपी/२ बोलता येत नाही. टनेलमध्ये ब्राउझर आणि साइट आपसात एचटीटीपी/२ बोलतात, स्क्विड नुसता बाइट पुढे ढकलतो. बंप केलं की सगळं एचटीटीपी/१.१ वर उतरतं. वेगासाठी बंप म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

मालवणी_मॉडेम
ओ, आधी लॉग बघूचो, मगे बोलूचा! आणि लॉग बघताना एक ध्यानात ठेवा. दुसरा रकाना मिलिसेकंदांचा असतो, पण टीसीपी टनेलच्या ओळीत तो पूर्ण टनेल किती वेळ उघडा होता तो वेळ असतो. तिथे २,४०,००० दिसलं म्हणजे पान चार मिनिटांनी उघडलं असं नव्हे. त्या आकड्यांच्या सरासऱ्या काढून प्रॉक्सीवर खापर फोडणारे पुष्कळ.

दुसरं, किनाऱ्यावरची गोष्ट. खाऱ्या दमट हवेत आरजे-४५ च्या पिना काळवंडतात. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, एक गेली की कार्ड गुपचूप १०० वर उतरतं. ईथटूलने वेग बघा, आणि आयपी लिंकच्या आकडेवारीत एरर वाढताहेत का तेही. फायबरच्या ओएनटीच्या (फायबर जोडलेल्या डब्याच्या) पानावर येणारी प्रकाशशक्ती पाहा. उणे २७ डीबीएमच्या आसपास असेल तर पाऊस लागला की लाइन तुटत राहणार, तुम्ही स्क्विडमध्ये कितीही खुडबुड करा.

आणि वीज. महावितरणची लाइन जूनमध्ये दिवसातून चार वेळा लपंडाव खेळणार हे गृहीत धरा. स्क्विड नीट बंद न होता पडला की पुढच्या वेळी कॅश लॉगमध्ये "रीबिल्डिंग स्टोरेज" च्या ओळीत "डर्टी" येतं. फिरत्या डिस्कवर मोठी कॅश असेल तर ती बांधणी बराच वेळ डिस्क खाते, आणि नेमकी तेव्हाच पोरं लॉगिन करत असतात. यूपीएस सिग्नल देत असेल तर एनयूटी (तो सिग्नल ऐकणारं सॉफ्टवेअर) लावून मशीन व्यवस्थित बंद करा. नसेल तर कॅश डिरची ओळच काढा, नुसत्या रॅमवर चालवा. यूपीएसशिवाय डिस्क कॅश ठेवू नये, असं माझं सरळ मत.

तिठा
आकडे देतो. आयडीएनएस पानावर दोन नेमसर्व्हर आहेत. पहिल्याचे प्रश्न हजारोंनी, उत्तरं शून्य. तो जुन्या सेवादात्याचा पत्ता निघाला. डिस्क्रिप्टरची कमाल ६५,५३५, म्हणजे तिथे अडचण नाही. एसआय-एसओ शून्य. डीएफ: कॅशमध्ये ६ जीबी. हिटचे बाइट एकूणाच्या चार टक्क्यांहून कमी.

वाळूचा_किल्ला
पहिला पत्ता उडवा, अनबाउंड लावा, स्क्विडला रीकॉन्फिगर द्या. मग स्क्विडच्याच मशीनवरून एकदा कर्ल (पान मागवून वेळ दाखवणारी आज्ञा) थेट आणि एकदा प्रॉक्सीतून चालवून वेळ काढा. प्रॉक्सीतून जाताना "नेमलुकअप" चा आकडा प्रॉक्सीच्याच नावाचा असतो, साइटचा नाही. साइटचं नाव शोधण्यात गेलेला वेळ "कनेक्ट" आणि "अ‍ॅपकनेक्ट" यांच्या मधल्या अंतरात लपतो. ते अंतर पाच सेकंदांवरून खाली आलं की पुरे.

कोकमसार
आणि चार टक्क्यांसाठी ते मशीन तसंच ठेवायचं? माझं मत बदललेलं नाही. डीएनएस सुधारा, अपडेटचं नारळीपाक म्हणतात तसं करा, आणि स्क्विडला सुट्टी द्या. कोणती साइट उघडू द्यायची याचं नियंत्रण हवं असेल तर ते अनबाउंडमध्येही बऱ्यापैकी होतं.

नारळीपाक
काढायचाच ठरला तर दोन गोष्टी. ते मशीन स्वतःच पीपीपीओई (सेवादात्याकडे लॉगिन करून जोडणी) लावत असेल तर स्क्विडच्या जोडण्या आपसूक १,४९२ च्या एमटीयूत (पाकिटाच्या कमाल आकारात) बसत होत्या. नुसतं नॅट केल्यावर लॅबचे संगणक १,५०० धरून बोलतील, आणि वाटेत कोणी आयसीएमपी ("पाकीट मोठं आहे" असं कळवणारे संदेश) अडवत असेल तर काही साइट टीएलएसच्या सुरुवातीलाच लटकतील. आयपीटेबल्समध्ये फॉरवर्ड साखळीला एमएसएस क्लॅम्प (पाकिटातल्या मजकुराच्या आकाराला मर्यादा) लावा, व्ही-४ साठी ते १,४५२ होतं.

दुसरं, पॅक फाइल लगेच पुसू नका. तिच्यात फक्त "डायरेक्ट" परत करा आणि ती वाढणारा वेब सर्व्हर काही महिने चालू राहू द्या. आत्ताच्या फाइलीत इज-इन-नेट वापरलं असेल तर तेही आधी बघा, ते होस्टचं नाव ब्राउझरच्या बाजूने आणखी एकदा शोधायला लावतं. लॅबच्या संगणकांना डीएचसीपीतून (पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) तोच मेलेला डीएनएस पत्ता जात असेल, तर स्क्विड काढल्यावरही पाच सेकंद तिथेच असतील.