मदत हवी आहे: सेंट जॉर्जच्या टॅबर्नॅकलमध्ये वर सज्जात जाता येतं का?

पुढच्या महिन्यात आईला घेऊन लास व्हेगसहून एका दिवसासाठी युटामधल्या सेंट जॉर्जला जातेय. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वसाहतकारांनी १८६३ ते १८७६ मध्ये बांधलेलं लाल वालुकाश्माचं टॅबर्नॅकल, म्हणजे त्यांचं सभा-प्रार्थनागृह, मला डोळे भरून बघायचंय. त्या दगडांवर छिन्नीचे घाव अजून दिसतात! त्यांचं १८७७ चं पांढरं टेंपल, म्हणजे मंदिर, बाहेरूनच बघणार, तिथे पंथाबाहेरच्यांना प्रवेश नसतो. टॅबर्नॅकल सगळ्यांना खुलं आहे. फोन करून वेळा विचारल्यात, रविवार टाळतोय. आईचे गुडघे दुखतात, ती खालीच बाकावर बसेल. मला मात्र चक्री जिन्याने सज्जात जाऊन स्केच करायचंय, आणि फोनवर नेमकं हेच कुणाला सांगता आलं नाही. अलीकडे कुणी जाऊन आलंय का? सज्जा उघडा असतो का, आणि तासभर बसू देतात का?