विज्ञानपटातल्या बंदुकीच्या आत खरी बंदूक हवीच कशाला?

पाचपाखाडी_प्रॉप्स (धागाकर्ता)

विज्ञानपटातल्या बंदुकीला आत खऱ्या हत्याराचा सांगाडा हवा आणि ती ब्लँक (दारू असलेली, पण गोळी नसलेली) काडतुसं उडवणारी हवी, हा हट्ट आता सोडायला हवा. ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतल्या रिकाम्या शेडमध्ये अंतराळयानाचा सेट लागणार असेल, तर त्यातली हत्यारंही त्याच पट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये शून्यापासून बनावीत.

पहिलं कारण जीवाचं. ३१ मार्च १९९३ रोजी नट ब्रँडन ली 'द क्रो' सिनेमाच्या सेटवर गोळी लागून गेला. क्लोजअपसाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून डमी केल्या होत्या, पण बुडाचं प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) जिवंत राहिलं. तेवढ्या ठिणगीने गोळी सरकून नळीत अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमधून ब्लँक उडवली आणि तिच्या वायूने ती गोळी बाहेर फेकली. २१ ऑक्टोबर २०२१ ला 'रस्ट' सिनेमाच्या सेटवर छायाचित्रकार हॅलिना हचिन्स गेली, कारण डमींच्या जागी जिवंत काडतूस भरलं गेलं. जिथे खरी काडतुसं उडवू शकणारी नळीच नाही, तिथे या दोन्ही चुका होऊच शकत नाहीत.

दुसरं कारण कॅमेऱ्याचं. नळीच्या तोंडाची ज्योत काही मिलिसेकंदच टिकते. आजचे बहुतेक डिजिटल सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतात, म्हणून ब्लँकचा उजेड फ्रेमच्या एका पट्ट्यातच पडतो: अर्धा चेहरा उजळलेला, अर्धा अंधारात. मग ती फ्रेम संगणकावर दुरुस्त करा. त्यापेक्षा नळीत पिवळसर एलईडी बसवून तो पूर्ण एक फ्रेम, म्हणजे २४ फ्रेमच्या वेगाला साधारण ४२ मिलिसेकंद, पेटवावा. भिंतीवर, घामावर, हेल्मेटच्या काचेवर उजेड खराखुरा पडतो. ज्योत नंतर चढवता येते.

कळव्याचा_फिटर

सुरक्षेचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण निष्कर्ष मान्य नाही. या प्रकारातली जी हत्यारं लोकांच्या डोळ्यांसमोर चाळीस-पन्नास वर्षं टिकली, ती बघा. 'एलियन्स'ची (१९८६) पल्स रायफल म्हणजे आत थॉम्पसन एम१ए१ सबमशीनगन, खाली कापलेली रेमिंग्टन ८७० शॉटगन आणि तिच्यावर स्पास-१२ या दुसऱ्या शॉटगनची जाळी. त्याच सिनेमातली स्मार्टगन म्हणजे स्टेडीकॅमच्या (कॅमेरा स्थिर धरायला अंगावर बांधतात त्या साधनाच्या) हातावर टांगलेली एमजी-४२ मशीनगन. 'स्टार वॉर्स'मधल्या (१९७७) सैनिकांचं हत्यार ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीनगनवर बांधलेलं, वर दुर्बीण, बाजूला यंत्रावरचा आकडे मोजणारा काउंटर. हान सोलोचं पिस्तूल माउझर सी९६. 'ब्लेड रनर'चं (१९८२) स्टायर रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा दांडा) आणि चार्टर आर्म्सचं रिव्हॉल्व्हर जोडून झालेलं.

हा योगायोग नाही. खऱ्या हत्यारात प्रत्येक खटका, खाच आणि स्क्रू काहीतरी काम करतो. बोल्ट मागे का जातो, मॅगझिन कुठून निघतं, हात कुठे भाजेल, हे सगळं त्या आकारात दिसतं. शून्यापासून काढलेल्या डिझाइनमध्ये नुसत्या रेषा आणि निळे दिवे असतात. गोळी कुठून आत जाते, असं विचारलं तर डिझाइनर गप्प!

आणि नट. स्फोटाच्या आवाजाने डोळे मिटतात, गालाचा स्नायू हलतो, मागचे कलाकार दचकतात. एलईडीकडे बघून कोणी दचकत नाही.

घणसोली_थ्रीडी

फिटरदादा, आकाराचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यासाठी आत खरी बंदूक लागत नाही, खऱ्या बंदुकीची मापं लागतात. वर्कशॉपमध्ये बनलेली हत्यारं फसतात ती बहुधा वजनामुळे आणि चुकीच्या मालामुळे. सविस्तर लिहिते.

वजन आधी. एक किलोची पोकळ प्लास्टिकची रायफल नट वळवतो तेव्हा नळी जागच्या जागी थांबते. साडेतीन किलोची थोडी पुढे जाऊन मग थांबते, आणि प्रेक्षकाला शब्दात सांगता आलं नाही तरी हा फरक कळतो. म्हणून आत कण्यासाठी २५ मिमीची अॅल्युमिनियमची चौकोनी ट्यूब घ्या. नळी, ट्रिगर गार्ड आणि पट्ट्याच्या कड्या लेथवर किंवा फिटरकडून धातूच्याच करून घ्या आणि त्या कण्याला अॅलन बोल्टने धरा. पट्टा थ्रीडी प्रिंट केलेल्या प्लास्टिकला अडकवला तर पहिल्याच धावण्यात तुटतो. वजनाचा मध्य पिस्तूल ग्रिपच्या जरा पुढे यायला हवा. मागे गेला की नळी वर तोंड करते आणि नट मनगटाने ती दाबत राहतो. चार किलोच्या वर जाऊ नका, दहा तासांच्या शिफ्टला खांदा भरून येतो.

बाहेरची कवचं प्रिंट करा, पण पीएलए प्लास्टिकमध्ये नको. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बंद गाडीत काचेखाली काळा रंगवलेला पार्ट ठेवला की नळी केळ्यासारखी वाकते. एबीएस प्लास्टिक १०० अंशांच्या पुढेपर्यंत तग धरतं. ०.२ मिमी थर, भिंती चार, आतली भरण ३० टक्के. मग पुट्टी, १२०, २२० आणि ४०० चा पॉलिश पेपर, शेवटचा पाण्यातून, रंगाखालचा प्रायमर, आणि वर ड्युको रंग. धातूचा भास हवा तर काळ्यावर फक्त कडांना चंदेरी कोरडा ब्रश. सगळीकडे मारलात की खेळणं दिसतं.

नकला काढायला सिलिकॉनचा साचा आणि त्यात ओतायला दोन भाग मिसळून घट्ट होणारं पॉलियुरेथेन. इथे पावसाळा घात करतो. पॉलियुरेथेनचा एक भाग हवेतली ओल धरतो, वायू सुटतो आणि पार्ट स्पंजसारखा फुगतो. जुलैत काम असेल तर एसी खोली, कॅन वापरल्याबरोबर घट्ट बंद, साचा आधी कोमट करून कोरडा. प्लॅटिनम सिलिकॉन असेल तर मूळ नमुन्याला गंधक असलेली माती लावू नका, सिलिकॉन चिकटच राहतं.

आणि एकच बंदूक बनवून भागत नाही. क्लोजअपसाठी एक चालती, हातात दिसायला दोन-तीन टणक, पडण्या-झोडण्यासाठी तेवढ्याच मऊ रबरी, आत तार घातलेल्या. टणक बंदूक घेऊन लोळण घेतली की बरगडीच जाते.

पाचपाखाडी_प्रॉप्स

ताई, चोख. फिटरदादांच्या दचकण्याच्या मुद्द्याला उत्तर: खांद्याला धक्का बसतो तो ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने सुटते म्हणून. ब्लँकमध्ये पुढे जाणारी गोळीच नसते, त्यामुळे धक्का अगदी कमी. ऑटोमॅटिक हत्यारात तर नळीत अडथळा बसवून वायूचा दाब अडवावा लागतो, तेव्हा कुठे बोल्ट मागे येतो. म्हणजे नट तिथेही अभिनयच करतो. त्याऐवजी आत ३०० ग्रॅमचं लोखंडी वजन स्प्रिंग आणि कॅमवर (फिरताना ढकलणाऱ्या उंचवट्याच्या चाकावर) बसवून मोटरने मागे आपटवा, एलईडी त्याच खटक्याला जोडा. ब्लँकपेक्षा जास्त जाणवतं.

चेंदणी_कोळीवाडा

जागेचंही बघा. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली परवानगीशिवाय हत्यार नेताच येत नाही. ऐरोलीकडची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, काठावर ब्लँकचा आवाज म्हणजे अख्खा थवा उडाला. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज घुमतो, कानात प्लग नसलेला लाइटमन कायमचं ऐकणं गमावू शकतो.

आणि नकली बंदूकसुद्धा रिक्षाने किंवा लोकलने उघडी नेऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही आयुक्तालयांचे मनाई आदेश निघत असतात, आणि रस्त्यावरच्या माणसाला एबीएस आणि पोलाद दुरून वेगळं कळत नाही. बंद पेटी, स्थानिक पोलीस ठाण्याला लेखी कळवलेलं, पत्राची प्रत पेटीत.

कळव्याचा_फिटर

धक्क्याचं मानतो. वजन आपटवण्याची कल्पना माझ्या डोक्यात नव्हती. पण दोन गोष्टी अजून तुमच्याकडे नाहीत. काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर उडण्याचं काय? संगणकावरची पुंगळी हेल्मेटवर आपटून टणकन वाजत नाही. आणि तुमची मोटर, कॅम आणि बॅटरी २५ मिमीच्या कण्याशेजारी बसवायची तर बंदूक जाड होणार, म्हणजे पुन्हा तेच फुगीर खोकं.

घणसोली_थ्रीडी

जाडी होते खरी. म्हणून बॅटरी दस्त्यात, मोटर मॅगझिनमध्ये. मॅगझिन मग सुटं निघत नाही, हे नुकसान आहे, आणि क्लोजअपमध्ये मॅगझिन बदलणं हवं असेल तर त्यासाठी दुसरी बंदूक करावी लागते. पुंगळीसाठी खिडकीआड स्प्रिंगवर दहा रिकाम्या पुंगळ्यांची पट्टी बसते, त्याच कॅमने एकेक ढकलते. अकराव्या गोळीला कट घ्यावा लागतो. पितळी पुंगळी तिरकी बसली की अडकते, म्हणून वाटेला २ मिमी मोकळीक आणि कडा घासलेल्या हव्यात.

कळव्याचा_फिटर

दहा पुरत नाहीत. पट्टीऐवजी वरून भरणारी नागमोडी नळी केली तर वीस बसतील का? कवचाच्या आतली रुंदी सांगा, मी रेखाटन टाकतो.