मदत हवी आहे: जपानमधल्या कोबेत एल्मच्या झाडावर सापडलेला ठिपक्यांचा भुंगेरा नक्की कुठला?

काळा कुळकुळीत, ३० मिमी, पांढरे ठिपके, लांब पट्टेरी मिशा. एक अ‍ॅप 'अ‍ॅनोप्लोफोरा चायनेन्सिस' म्हणतं, दुसरं 'ग्लॅब्रिपेनिस', म्हणजे त्याच वंशातली दुसरी जात. एका कवचपंखावर (पाठीवरच्या कडक पंखावर) १४ ठिपके मोजले. फोटो वरून काढलाय. कसं ठरवायचं?

खोडकिडा: ठिपके मोजण्यात अर्थ नाही. ते बारीक केसांचे असतात, घासले की जातात, आणि संख्या एकाच जातीतही बदलते. ग्लॅब्रिपेनिसमध्ये पिवळ्या ठिपक्यांचेही असतात. त्यांना पूर्वी 'नोबिलिस' नावाची वेगळी जात मानत.

बघायचं ते खांद्यापाशी, कवचपंख जिथे सुरू होतात तिथे. चायनेन्सिसला तिथे बारीक दाण्यांचा खरखरीत पट्टा असतो, ग्लॅब्रिपेनिस गुळगुळीत. नावाचा अर्थच तो: ग्लॅब्रि म्हणजे गुळगुळीत, पेनिस म्हणजे पंख. जपानी नावातलं 'त्सुया-हादा'ही तेच सांगतं, चकचकीत कातडीचा. वरून फ्लॅश मारला की चकाकीत दाणे बुडतात, म्हणून टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरा. दाणे असतील तर प्रत्येकाची सावली पडेल. किडा मेलेला असेल तर टाचणीचं टोक हलकेच फिरवा, अडखळतं.

पानगळ: किडा झाडातून बाहेर पडल्याची छिद्रं कुठे आहेत? चायनेन्सिस बहुधा बुंध्यातून, उघड्या मुळांतून निघतो. ग्लॅब्रिपेनिस वर, खोडाफांद्यांतून. मिशाही मोजा.

खोडकिडा: छिद्राची जागा हा आधार, पुरावा नव्हे. मिशांवरून नर-मादी कळते (नराच्या शरीराच्या साधारण दुप्पट, मादीच्या जरा जास्त), जात नाही. जपानी पुस्तकांत 'मालासियाका' हे जातीचं नाव दिसलं तर गोंधळू नका. २००२ च्या वर्गीकरणाने ते चायनेन्सिसमध्ये घातलं, तिथले बरेच जण अजून वेगळं धरतात. खांदा मात्र त्याचाही खरखरीतच.

प्रश्नकर्ता: टॉर्च आडवा धरून पाहिलं. सावल्या नाहीत, सपाट. छिद्रं डोक्याच्या उंचीवर, करंगळी जाईल एवढी.

खोडकिडा: मग ग्लॅब्रिपेनिस धरून चला. तो तिथला मूळचा नाही. २०२३ पासून जपानमध्ये तो जिवंत बाळगणं किंवा हलवणं कायद्याने बंद आहे, तेव्हा बरणीत घालून कुणाला दाखवायला नेऊ नका. जागेवरच मारा, अल्कोहोलमध्ये ठेवा. खांद्याचा जवळून एक फोटो, पट्टी ठेवून पूर्ण किड्याचा एक, छिद्राचा एक काढा आणि झाडाच्या पत्त्यासकट पालिकेच्या पर्यावरण विभागाला कळवा. बुंध्याशी ताजा भुसा दिसतोय का, तेही लिहा.